तंबाखूच्या सुगीतले पंखे

बेळगावहून निघालेली बस संकेश्वर मागे टाकते, तवंदीचा घाट लागतो, आणि मी हळूच खिडकीची काच सरकवते. शेजारची बाई पदर कानावर ओढून घेते. "गार वारं येतंय की हो बाई," म्हणते. मी म्हणते, "थोडंच. निपाणी आली." माघाचे दिवस असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली तंबाखू उन्हात पसरलेली असते. हिरवी होती ती पिवळी झालेली, पिवळी होती ती तपकिरी. आणि मग तो वास येतो. तिखट, गोडसर, थोडा मधासारखा, थोडा मिरचीच्या डब्यासारखा. घशात उतरतो, डोळ्यांत पाणी आणतो. परगावची माणसं एकामागून एक शिंकायला लागतात. निपाणीची माणसं शिंकत नाहीत. मीही शिंकत नाही. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत राहते. बारीक डोळे, बसकं नाक, पांढरे केस आणि चापूनचोपून नेसलेलं इरकली लुगडं. यांचा मेळ तिला बसत नाही. शेवटी ती विचारतेच, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?"

"निपाणीची," मी सांगते.

तिला ते पटत नाही. न पटू दे. मला ते पटवून द्यायची गरज एका सुगीनंतर कधी वाटली नाही. बेचाळीसचा पावसाळा सरून जी सुगी आली, ती. मी चौदा वर्षांची होते.

माझे वडील चीनचे. हुपेइ प्रांतात, मोठ्या नदीच्या काठच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. तिकडे पूर आला की भाताची शेतं वाहून जायची आणि तरणी माणसं पोटामागे बाहेर पडायची. वडील तसेच बाहेर पडले. कलकत्त्याला बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक वेताची पेटी होती आणि पेटीत कागदाचे रंगीत पंखे. ते विकत विकत गावं पालथी घातली. पुण्याच्या कॅम्पात त्यांच्या मुलखातला एक माणूस कवळ्या बनवायचा, त्याच्या हाताखाली राहून दात बसवायची विद्या शिकले आणि निपाणीला येऊन थांबले. का थांबले असं कुणी विचारलं की सांगायचे, "जितं तंबाखू, तितं दात पडनार. दात पडनार, तितं मी." आणि स्वतःच हसायचे. त्यांची स्वतःची बत्तीशी पांढरीशुभ्र होती.

मी त्यांना 'बा' म्हणायची. आमच्या भाषेत बापाला बा म्हणतात आणि निपाणीतही बा म्हणतात. शेजारच्या पोरी "आमचा बा" म्हणायच्या आणि मीही "आमचा बा" म्हणायची, त्यामुळे लहानपणी कितीतरी वर्षं मला वाटायचं, आम्ही आणि ते एकच भाषा बोलतो, फक्त आमच्या घरात ती जरा जास्त गाऊन बोलतात. गावानं त्यांचं नाव चिनाप्पा ठेवलं. बाजाराला येणारे चिकोडीकडचे कानडी शेतकरी ते चिन्नप्पा असं म्हणायचे. कानडीत चिन्न म्हणजे सोनं. चीनचा आप्पा तो सोन्याचा आप्पा झाला, आणि बाला ते फार आवडायचं. माझं नाव मेइ. शाळेत बाईंनी ते ऐकलं, क्षणभर विचार केला आणि हजेरीत मैना लिहिलं. तेव्हापासून मी मैना.

आई मात्र कशातच मिसळली नव्हती. तिला मी 'मा' म्हणायची. लग्न होऊन ती तिकडून आली तेव्हा तिची पावलं लहान होती. खरोखरच लहान, माझ्या तळहातात मावतील एवढी. त्यांच्या गावी मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की तिची पावलं पट्ट्यांनी करकचून बांधायचे, बोटं तळव्याखाली दुमडून, पाऊल वाढू नये म्हणून. लहान पाऊल सुंदर, असं तिकडच्या जुन्या लोकांना वाटायचं. माची बोटं तशीच मोडून जिरून गेली होती. ती टाचांवर चालायची, भिंतीला हात लावत, तान्ह्या पोरानं पहिली पावलं टाकावीत तशी. स्वतः शिवलेले कापडी जोडे घालायची, त्यांवर बारीक वेलबुट्टी. घर, मागचं अंगण आणि मोरी एवढीच तिची निपाणी. दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं, तिथंही ती यायची नाही. गिऱ्हाइकं पायांकडे बघायची, ते तिला सोसायचं नाही.

अशा घरात बेचाळीस साल शिरलं.

खरं तर दोन्ही दारांनी शिरलं. एका दारानं गांधीजींचं 'चले जाव' आलं. शाळा बंद पडल्या, तारा तुटल्या, गावातली कॉलेजात शिकणारी पोरं एकाएकी दिसेनाशी झाली. आमच्या शेजारी गंगाक्का राहायची. रंगानं काळीभोर, आवाजानं खणखणीत, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. तिचा थोरला लेक पत्रकं वाटताना धरला गेला आणि हिंडलग्याच्या तुरुंगात गेला. त्या दिवशी गंगाक्का रडली नाही. ओटा सारवला, चूल पेटवली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दारानं जपान आला. रंगून पडलं होतं, तिकडून पायी चालत आलेल्या लोकांच्या गोष्टी बाजारात फिरत होत्या. जपानी हेर वेष पालटून गावोगाव हिंडतात, असं कुणी तरी म्हणालं. मग कुणी तरी आमच्या दुकानाकडे बोट दाखवलं. बारीक डोळे, पिवळा रंग. झालं. चिनाप्पाला ओळखणारी माणसं चिनाप्पाकडे वेगळं बघायला लागली. एका संध्याकाळी दगड आला आणि दुकानाच्या पाटीवर रंगवलेल्या मोठ्या कवळीचा पुढचा दात उडाला. सकाळी बा शिडी लावून वर चढला, पांढरा रंग घेऊन. मी खाली शिडी धरून उभी होते. "पाटीचा बी दात पडला," बा मोठ्यानं म्हणाला, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असं. "ह्यो बी मीच बसवनार." कुणी हसलं नाही.

बाच्या त्या थट्टेखाली काय होतं ते मला ठाऊक होतं. चीनमधल्या आमच्या खेड्यावरून जपानी फौज गेली त्याला चार वर्षं होत आली होती. आजी तिथं होती, काका होता. त्यांची खबर यायची थांबली ती थांबलीच. एक म्हातारे शेतकरी कवळीचं माप द्यायला आले आणि तोंड उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "खरं सांग रं. तू जपानी हाईस व्हय?"

बाच्या हातात मेणाचा गोळा होता. तो म्हणाला, "आप्पा, जपान्यानं माझं घर जाळलं. माझी आई जित्ती हाय का न्हाय, मला म्हाईत न्हाय. मी जपानी कसा असंन?"

म्हातारे मग उठले, टोपी घातली, माप न देताच गेले. त्यांच्यानंतर दुकानात कुणी आलंच नाही. त्यातच वरून हुकूम आला की परदेशी माणसानं दर बाजारच्या दिवशी पोलीस चौकीत हजेरी द्यायची. गावात नवे फौजदार आले होते, देशावरून बदली होऊन. पहिल्याच हजेरीला त्यांनी बाला बजावलं, "चीन इंग्रज सरकारच्या बाजूनं लढतोय म्हणून तू इथं आहेस. राजकारणात बोट जरी घातलंस, तर बायकापोरांसकट बोटीत बसवीन." बाजारच्या दिवशी सकाळी बा स्वच्छ सदरा घालायचा आणि चौकीच्या बाकावर जाऊन बसायचा, ते हाक मारेपर्यंत. कधी दुपार टळायची.

त्या दिवसांतली घरातली शांतता मला अजून आठवते. दुकानातलं पायानं फिरवायचं चाकाचं यंत्र थांबलं होतं. मा भिंतीशी बसून असायची. एका दुपारी मागच्या अंगणाच्या पडक्या दगडी गडग्यावरून गंगाक्कानं हाक मारली.

"चिनाव्वा! अगं बसून काय करतीस? हात हायत न्हवं तुला? ये, बिड्या वळ."

मा उठली. गडगा होता तिथं मी हात दिला. निपाणीत आल्यापासून पहिल्यांदाच ती दुसऱ्याच्या अंगणात गेली. तिथं गल्लीतल्या दहा-बारा जणी गोल करून बसल्या होत्या. कात्र्यांची कचकच चालू होती, टेंभुर्णीच्या ओल्या पानांचा वास होता. सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर गेले. एकीनं विचारलंच, "पाय गं का असं?"

माला मराठी कळायचं, बोलायची नाही. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, तेव्हा मी सांगितलं. पट्ट्या, दुमडलेली बोटं, सगळं. बायका ऐकत होत्या. कात्र्या थांबल्या होत्या. गंगाक्का म्हणाली, "मुडद्यांनो! पोरीचं पाय मोडून काय मिळवलासा?" ती तिकडच्या कधी न पाहिलेल्या माणसांना शिव्या देत होती. मा तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकदम हसली. मला वाटतं, तिच्या पायांच्या वतीनं कुणी तरी रागावलंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

ती बिड्या वळायला शिकली. पान मापानं कापायचं, चिमूटभर जर्दा सारखा पसरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. तिची बोटं लवकरच गंगाक्काच्या बोटांना गाठू लागली. आणि त्या बोटांबरोबर भाषाही आली. पहिला शब्द 'पान', मग 'दोरा', मग 'व्हय', मग 'लई'. माझी आई मराठी बोलायला लागली ती गंगाक्काच्या अंगणात, आणि म्हणून शेवटपर्यंत ती गंगाक्कासारखंच बोलली.

पुढे सुगी आली. शेतातून गाड्या भरभरून यायला लागल्या, वखारींसमोर पोत्यांचे डोंगर उभे राहिले. हवेत इतकी तंबाखू होती की ऊनही तपकिरी दिसायचं. मा शिंकायची आणि बायका हसायच्या. अशाच एका दुपारी गंगाक्काची धाकटी लेक रडत होती. मानं जवळच पडलेला रंगीत कागद घेतला, बारीक चुण्या घातल्या, बुडाशी बिडीचा दोरा बांधला आणि दोन्ही टोकांना धरून झटकन उघडला. पंखा झाला. मिटला तर बोटाएवढा, उघडला तर मोरपिसाऱ्यासारखा. पोर गप्प झाली. गंगाक्कानं तो पंखा तिच्या हातातून घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. कितीतरी वेळ तेच करत बसली.

"चिनाव्वा," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यो मिटला तर पानाच्या पाटीत कुनाला दिसंल व्हय गं?"

"न्हाय."

"तीन रंगाचा हुईल?"

 तिरंगी झेंड्यावर बंदी होती. शिंप्यांच्या दुकानांवर पाळत होती, केशरी कापड घेणाऱ्याला कशाला हवं म्हणून विचारत होते. भूमिगत पोरांचा निरोप आला होता की सुगीच्या ऐन मोठ्या बाजारात झेंडा दिसला पाहिजे, आणि तो कसा दाखवायचा हे कुणाला सुचत नव्हतं. मानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हुईल," ती म्हणाली.

"पर तू करू नगंस," गंगाक्का लगेच म्हणाली. "तू नुसतं शिकीव आमास्नी. तुला धरलं तर मुलखाभाईर काढतील गं बाई."

"मी बी करनार," मा म्हणाली.

घरी आल्यावर मी तिला आमच्या भाषेत विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती जोडे काढून पाय चोळत बसली होती. म्हणाली, "जपान्यांनी आपलं गाव घेतलं, तेव्हा मी इथं भिंतीशी बसून होते. हातांत करायला काही नव्हतं. आता आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "बाला सांगू नकोस. तो चौकीत बसतो. त्याला खोटं बोलता येत नाही."

कागद आणायचं काम माझं होतं. पुन्हा सुरू झालेल्या शाळेच्या समारंभाला पताका करायच्यात असं सांगून मी एका दुकानातून केशरी आणला, दुसऱ्यातून हिरवा. दुपारभर अंगणात बिड्यांच्या सुपाखाली कागदाच्या चुण्या पडत होत्या. तीन पट्ट्या खळीनं कडेला कडा चिकटवायच्या, वाळवायच्या, मग चुणी. पहिले पंखे वाकडे झाले. मा ते उलगडून परत करायला लावायची. "सरळ," म्हणायची, "सरळ पायजे." बायका कुरकुरायच्या आणि परत करायच्या. त्या बोटांना चुणी घालायला काय लागणार? आठवडाभरात अंगणातल्या प्रत्येकीला पंखा जमायला लागला, मग त्यांच्या बहिणींना, मग जावांना.

तो बाजारचा दिवस मी विसरणं शक्य नाही. सकाळी बा स्वच्छ सदरा घालून हजेरीला गेला. मी बाजारात संकेश्वरी मिरच्यांच्या ढिगांपाशी उभी राहिले. लालभडक ढीग, पलीकडे गुळाच्या ढेपा, घोंगड्यांचे ढिगारे, गाड्या, बैल, माणसांची मुंगीसारखी रीघ. बिडीवाल्या बायका रोजच्यासारख्या डोक्यावर पाट्या घेऊन वखारीकडे चालल्या होत्या. पोलीस कोपऱ्याकोपऱ्यावर उभे होते आणि पोरांची झडती घेत होते. बायकांच्या पाट्यांकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

वखारीची दुपारची घंटा झाली.

गंगाक्कानं पाटी खाली ठेवली, हात वर केला आणि उघडला. तिच्या मुठीतून केशरी, पांढरं, हिरवं फुललं. मग तिच्या शेजारणीच्या मुठीतून. मग गुळाच्या ढेपांपलीकडे, भाजीच्या रांगेत, पोत्यांच्या थप्पीशी, वखारीच्या पायऱ्यांवर. जिकडे मान वळवावी तिकडे एक हात वर होत होता आणि उघडत होता. बाजार थांबला. कुणी ओरडलं नाही सुरुवातीला, सगळे बघतच राहिले. मग एका कानडी म्हाताऱ्यानं घोगऱ्या आवाजात जयघोष केला आणि त्याच्यामागे सगळा बाजार गरजला. शिट्ट्या वाजल्या, पोलीस धावले. पण धरायचं कुणाला? हात खाली आला की पंखा मिटायचा आणि बाई पाटी उचलून चालायला लागायची. चार पावलं गेली की मागे दुसरा उघडायचा. मी मिरच्यांपाशी उभी राहून रडत होते आणि लोकांना वाटत होतं मिरची झोंबली.

पंखे मात्र पोलिसांच्या हाती लागलेच. आणि असा पंखा निपाणीत कुणाच्या घरचा असणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. शिपायांनी आमचं घर उलथंपालथं केलं, उरलेले कागद गोळा करून नेले. बाला पकडायला तर कुठे जावंही लागलं नाही. तो चौकीच्या बाकावरच बसला होता. त्याला आत घातलं.

बाजारात हे कळताच मी धापा टाकत घरी आले आणि माला सांगितलं, बाला धरलं. तिनं केस नीट केले. नवे जोडे घातले. आणि पुढच्या दारानं बाहेर पडली.

ज्या रस्त्यावर ती कधी आली नव्हती, त्या रस्त्याच्या मधोमध ती भर दुपारी चालत निघाली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा हवेत तोल सांभाळत. लोक थांबून बघत होते. मी तिला म्हटलं, कडेनं चल, भिंतीला हात लावता येईल. ती म्हणाली, नको. माणसं तिच्या पायांकडे बघत होती आणि ती पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. गंगाक्काच्या कानावर कुणी तरी घातलं असावं. आम्ही वळणापर्यंत पोचलो तेव्हा ती मागून आली, पाठोपाठ दुसरी, तिसरी. कुणी मागे वळून मोजलं नाही. फक्त पावलांचा आवाज वाढत गेला.

फौजदार पायरीवर आले. मा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "फंका मी केला." पंखा हा शब्द तिला तेव्हाही नीट यायचा नाही. "त्यानं न्हाय. त्याला म्हाईत न्हाय. मी."

"म्हणजे कबूल करतेस?" फौजदार म्हणाले.

"आन मी बी केला," मागून गंगाक्का म्हणाली.

"मी बी," आणखी एक आवाज आला. "आन मी." "मी तर लई केलं."

फौजदार चिडले. "खोटं बोलू नका. चिनी विद्या आहे ही. तुम्हाला कुठून येणार?" आणि त्यांनी आमच्या घरून आणलेल्या कागदांचा गठ्ठा पायरीवर टाकायला लावला. "करून दाखवा. जिला येणार नाही तिला खोटं बोलल्याबद्दल आत टाकतो."

गंगाक्कानं पदर खोचला आणि पायरीवर बसली. केशरी घेतला, पांढरा घेतला, हिरवा घेतला, एकावर एक सरकवून ठेवले. चुण्या पडत गेल्या. कमरेचा दोरा काढून बांधला आणि पंखा फौजदारांच्या तोंडासमोर उघडला. दुसरी बसली. तिसरी बसली. पायरी भरली, ओटा भरला, चौकीसमोरचं अंगण भरलं. कागद संपले तेव्हा बायकांनी बिडीची पानंच घडी घालायला सुरुवात केली. फौजदारांच्या समोर, त्यांच्याच हुकमानं, त्यांच्याच चौकीत तिरंगे फुलत होते. एक शिपाई तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा होता, त्याचे खांदे हसण्यानं हलत होते.

"आन चिनाप्पा तर सकाळधरनं तुमच्या म्होरंच बसलाय न्हवं?" गंगाक्का म्हणाली. "त्यो बाजारात कवा आलता? आता टाका आमास्नी समद्यास्नी आत. आमी तयार हाय."

तेवढ्यात वखारीचे शेठ छत्री उघडूनच धावत आले. ऐन सुगी, बाहेर गाड्या उभ्या, आणि वखारीत एक बाई नाही. त्यांनी फौजदारांना बाजूला घेतलं. बराच वेळ हातवारे चालले. चौकीची कोठडी केवढी आणि बायका किती, हे फौजदारांनाही दिसत होतंच. शेवटी त्यांनी बाला बाहेर आणवलं आणि सगळ्यांसमोर खडसावलं, "तुझ्यावर नजर राहील. यापुढे परवानगीशिवाय निपाणी सोडून जायचं नाही. समजलं? गाव सोडायचं नाही!"

बा त्यांच्याकडे बघत राहिला. बोटीत बसवीन म्हणणारा माणूस त्याला गाव सोडू नकोस असं सांगत होता. बाच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती पांढरीशुभ्र बत्तीशी दिसली, कितीतरी महिन्यांनी.

"न्हाय सोडत, साहेब," तो म्हणाला. "कवाच न्हाय सोडत."

सत्तेचाळीसचा ऑगस्ट मी निपाणीतच पाहिला. गावात कमानी होत्या, बँड होता, आणि दारोदार बायकांनी स्वतः केलेले कागदी पंखे बांधले होते. शाळेत लाडू वाटले. गंगाक्काच्या लेकाची मिरवणूक निघाली. पाटीवरच्या कवळीखाली बाला गिऱ्हाइकांसाठी बाक वाढवावं लागलं होतं. तो आनंद मोठा होता, साऱ्या देशाचा होता, आणि मी त्यात घसा बसेपर्यंत ओरडले. पण जिंकणं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो दिवस येत नाही. येते ती सुगीतली दुपार. चौकीतून आम्ही घरी आलो ती.

सगळ्या बायका आमच्याबरोबर दारापर्यंत आल्या होत्या. ऊन तापलं होतं, हवेत तंबाखूची धूळ होती, ओरडून सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता निरोप घेऊन जातील. कारण आमच्या घरचं पाणी त्या गल्लीत कुणी पीत नव्हतं. कुणी तसं वाईट बोलून दाखवलं नव्हतं. चिनी माणसं, काय खातात, काय नाही, कोणत्या जातीत धरायची, कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनीच ते टाळलं होतं. बायका अंगणात माला शेजारी घ्यायच्या, पण तहान लागली की आपापल्या घरी जायच्या. मलाही मैत्रिणींच्या घरी पाणी वरून ओतून द्यायचे. ते इतकं सवयीचं झालं होतं की त्याचं वाईटही वाटायचं थांबलं होतं.

गंगाक्का ओटा चढली. उंबरा ओलांडला. सरळ आत आली आणि कोपऱ्यातल्या घागरीपाशी मांडी ठोकून बसली.

"चिनाव्वा, तहान लागलीया," ती म्हणाली. "पानी दे गं."

मा जागची हलली नाही. तिला शब्द कळले होते. तरी तिनं माझ्याकडे पाहिलं, आपण बरोबर ऐकलं ना म्हणून. मी मान हलवली. तेव्हा तिनं फुलपात्र घेतलं, घासलेलंच होतं तरी पुन्हा विसळलं, घागरीत बुडवलं आणि दोन्ही हातांनी धरून गंगाक्काला दिलं. गंगाक्कानं ते तोंडाला लावलं. वरून ओतून घेतलं नाही, ओठांना लावून घटाघट प्यायली. पदरानं तोंड पुसलं. दारातल्या बायका बघत होत्या. मग एक आत आली. मग दुसरी. एकच फुलपात्र हातोहात फिरायला लागलं. बा दुकानाच्या दारात उभा राहून बघत होता, आणि मग गडबडीनं आडावर जायला निघाला, कारण घागरीचा तळ दिसायला लागला होता. मा जमिनीवर बसून फुलपात्र भरत होती, देत होती, भरत होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, आणि जिच्या हातात फुलपात्र जाईल तिला मोठ्या आवाजात सांगत होती, "प्या, प्या. लई हाय."